फितूर निळा

नख अजून कोमट होतं. पॉलिशच्या चाकावरून नुकतंच उतरलेलं, तिच्या तळहातावर पालथं पडलेलं, अनामिकेचं नख — तळाशी पांढुरकी चंद्रकोर, कडेला जाणवेल न जाणवेल अशी गुलाबी झाक, आणि मधोमध एक उभी रेघ, वयाची. ती रेघ तिने मुद्दाम ठेवली होती, कारण फोटोत गिऱ्हाइकाच्या उरलेल्या नऊ नखांवर तशा रेघा होत्या आणि खोटं नख खऱ्यांपेक्षा तरुण दिसलं की चोरी पकडली जाते. तिने ते अंगठ्याने सुलटं केलं. काळ्या तळहातावर ते — तळहात काळा कुठे असतो, तळहात आमचाही फिकाच असतो, लहानपणी शाळेत कुणीतरी विचारलं होतं, इथला रंग धुऊन गेला का गं तुझा, आणि ती घरी येऊन तासभर हाताची पालथी बाजू साबणाने घासत बसली होती... तेव्हा ती सहा वर्षांची होती. लेकीला, भिंगरीला, आता पाच पूर्ण होतील. म्हणजे एक वर्ष आहे अजून. नाही, एक वर्षही नाही. झालंच सुरू.

तिने नख डबीत ठेवलं आणि डबीवर नंबर लिहिला.

कार्यशाळा दोन खोल्यांची. आतल्या खोलीत मास्तर साचे करायचे, बाहेरच्या खोलीत ती रंग. फळ्यांवर कान, नाकं, अंगठे, एकेका डबीत एकेक. अपघातात गेलेलं, रोगाने खाल्लेलं, जन्मतःच नसलेलं, जे कुणाचं हरवलं ते इथे रबराचं होऊन परत मिळायचं. रबर म्हणजे सिलिकॉन. पण मास्तर रबरच म्हणायचे, त्यामुळे तीही म्हणायची. चार वर्षांत ती रंगात मास्तरांच्या पुढे गेली होती, हे मास्तर स्वतःच सांगत, आलेल्या-गेलेल्याला, जरा जास्तच मोठ्या आवाजात — "आमची ही पोरगी आहे ना, हिची नजर म्हणजे सुई!" — आणि ऐकणारा त्यांच्याकडे बघून हसायचा, तिच्याकडे नाही. मास्तर त्यांच्यातले होते. गोरे, घाऱ्या डोळ्यांचे, हाताला सदैव प्लास्टर. माणूस वाईट नव्हता. माणसं वाईट नसतातच, हीच तर सगळी पंचाईत होती.

आज अकरा वाजता अनामिका येणार होती.

केसपेपर तिने मंगळवारी उघडला होता. वय सत्तावन्न, उजव्या हाताची अनामिका, दुसऱ्या सांध्यापासून, लोखंडी फाटकात सापडून. व्यवसाय — बालवाडी, मुख्याध्यापिका. आणि वर नाव. तिने नाव दोनदा वाचलं, मग कागद पालथा घातला, मग उठून पाणी प्यायली. त्या दिवसापासून तिच्या पोटात काहीतरी मंद आचेवर ठेवल्यासारखं होतं. उकळत नव्हतं. नुसतं गरम राहत होतं. भांडी घासताना, भिंगरीच्या वेण्या घालताना, नवऱ्याच्या कुशीत पाठ फिरवून झोपताना तिला मध्येच आठवायचं, गुरुवारी अकरा वाजता त्या बाईंचा हात माझ्या हातात असणार आहे. आणि तिला चक्क बरं वाटायचं.

सासूबाईंना यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचं ठरलेलं. "अगं, चार पिढ्या झाल्या आपल्याला इथे. मान खाली घातली म्हणून टिकलो. तू कॉलेजात गेलीस ना, तिथून तुझी मान आखडली बघ." आणि नवरा, तो रात्रपाळी करून आलेला, डोळे चोळत म्हणाला होता, "सोमवारी जाऊ, माफी मागू. एक वाक्य तर म्हणायचंय." एक वाक्य. कुणाचं वाक्य? जिला चावलं तिच्या आईने म्हणायचं, चुकलं आमचं?

कारण चावलं होतं. मी पाहिलं. मी.

मागच्या गुरुवारची गोष्ट. भिंगरीला न्यायला ती फाटकाशी गेली तेव्हा मदतनीस मुलीने तिच्या हातात पोरीआधी कागद ठेवला. बालवाडीत एक घटना-वही होती. कुणी कुणाला मारलं, पाडलं, ओरबाडलं की तिच्यात नोंद व्हायची आणि नोंदीची प्रत आईबापांना. एका मुलाच्या नावावर वर्षात तीन नोंदी झाल्या की समिती बसायची, आणि समिती बसली की मूल जायचंच. नुसतं जायचं नाही, पुढच्या शाळेच्या दाखल्याबरोबर शेराही जायचा. भिंगरीची ही तिसरी. कागदावर लिहिलं होतं — विनाकारण दुसऱ्या मुलीच्या गालावर ओरखडा काढला. दुसऱ्या मुलीस इजा, लाल वण, सूज. हिला इजा नाही.

दुसरी मुलगी म्हणजे बाहुली. सगळ्या शिक्षिका तिला बाहुलीच म्हणायच्या. सोनेरी केस, दुधासारखी कातडी, रागावली की कानापर्यंत लाल. तिच्या कातडीला सगळं सांगता यायचं. रडली की नाक लाल, धावली की गाल लाल, कुणी जरा बोट लावलं की बोटाचा ठसा. तिच्या अंगावरच तिची साक्ष लिहिलेली असायची, मोठ्या अक्षरात, कुणालाही वाचता येईल अशी.

घरी आल्यावर भिंगरी दंड धुऊ देईना. "नको ना गं, तिथे बाहुली आहे," म्हणाली. तिथे बाहुली आहे! मग तिने पोरीला खिडकीत उभं केलं, उन्हं कलती होती, आणि पाहिलं. कातडीवर काही नव्हतं. मास्तरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, कातडी बघू नकोस, कातडीच्या आत बघ. रंग वर नसतो, खालून वर येतो. तिने आत पाहिलं. पिकल्या जांभळाच्या सालीखाली असतो तसा एक काळपट जांभळा, अर्धवर्तुळात, मग समोर दुसरं अर्धवर्तुळ. वर चार दात, खाली चार. मधला भाग किंचित ताठ, बोट फिरवलं तर गरम. आठ दात, तिने एकेक मोजले, आणि आठव्याला तिचा स्वतःचा जबडा आवळला गेला. फोटो काढला तर त्यात एक तुकतुकीत काळा दंड आला, बस्स. पुन्हा काढला. फ्लॅश लावून काढला. यंत्रसुद्धा त्यांच्यातलंच होतं, त्यालाही दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला घेऊन बाईंच्या खोलीत गेली. डोकं बांधलेलं, प्रवासातला मास्क अजून तोंडावर, घाई, आणि काल रात्रभर घोकलेली वाक्यं सगळी एकदम बाहेर पडली. बाईंनी चष्मा लावला. भिंगरीचा दंड ट्यूबलाइटखाली धरला. अलगद धरला, हे तिने नोंदवलं. एका हाताला पट्टी होती तरी अलगद. वळवून पाहिला. आणि म्हणाल्या, "इथे तर काहीच दिसत नाही हो."

आवाज चढलेला नव्हता. उलट मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. "आईच्या डोळ्यांना दिसतं कधीकधी जास्त. समजू शकते मी. पण वहीत मला जे दिसलं तेच लिहावं लागतं ना." आणि एवढं बोलून त्या भिंगरीकडे बघून हसल्या, आणि भिंगरी — कार्टी — भिंगरीही हसली.

सोमवारी समिती.

तिने घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. कामाच्या टेबलावर बाटल्या मांडायला घेतल्या. पांढरा, मातकट पिवळा, विटकरी, लाल. शिरांसाठी लाल तंतूंची पुडी, केसाहून बारीक. रंगपट्टी, चोवीस चकत्यांची, गोफासारखी ओवलेली, परदेशी कंपनीची. पहिल्या वीस चकत्यांना नावं होती: पहाट, मोती, शिंपला, गुलाबपाकळी, सायीचं दूध, कोवळं ऊन... वीस गोऱ्यांचे वीस गोरे, कुणी कुणासारखा नाही. शेवटच्या चार चकत्यांवर लिहिलं होतं गडद एक, गडद दोन, गडद तीन, गडद चार. आपल्यातला एक म्हातारा आला होता अंगठ्यासाठी. चारही गडद त्याच्या हाताशेजारी धरले तर चारही मेलेले. चौदा वेळा मिसळलं होतं तिने, चार दिवस. तो बिचारा म्हणायचा, "राहू दे गं लेकी, लांबून कोण बघतंय आपल्याला?" ती त्याच्यावर उगीच ओरडली होती.

मग निळा. निळे दोन होते. कातडीच्या खाली थेंबभर निळा लागतोच, त्याशिवाय रक्त वाहतंय असं वाटत नाही. एक निळा नेहमीचा. दुसरा कधीतरी चुकून मागवला गेलेला, मास्तर त्याला फितूर म्हणायचे. ट्यूबलाइटच्या उजेडात तो अगदी इमानी, पहिल्यासारखाच, डोळे फाडून पाहिलं तरी फरक नाही. पण उन्हात नेला की पलटायचा. हिरव्याकडे जायचा, शिळ्याकडे. पहिल्या वर्षी तिने एका पोस्टमनचा कान त्या निळ्यात केला होता, संध्याकाळी, दिव्याखाली, नकळत. महिन्याने तो कान डबीत घालून परत आला. "ताई, कचेरीत बसलो की कान माझा, सायकलवर बसलो की कुठल्यातरी मढ्याचा!" स्वतःच खोखो हसला. मास्तर हसले नाहीत. त्या दिवसापासून भिंतीवर नियम लागला: तीन उजेड. रंग ठरला की आधी ट्यूबलाइट, मग पिवळा दिवा, मग खिडकीशी ऊन. तिन्ही झाल्याशिवाय रबर साच्यात ओतायचं नाही.

फितूर निळा कपाटात मागे असायचा. आज सकाळी आल्या आल्या तिने तो पुढे आणला होता आणि दुसऱ्या निळ्याशेजारी ठेवला होता. फक्त ठेवला होता. ठेवायला काय जातं.

बाई वेळेवर आल्या. फिकट कोट, हात खिशात. खोलीत येताच त्यांनी आधी मास्तरांच्या बंद दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या डोक्याला टोपी, नाकावर मास्क, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. ओळखतील? ओळखल्या तर — पण बाई म्हणाल्या, "रंगाचे साहेब कुठे आहेत?"

"रंग मीच करते. बसा, बाई."

"अस्सं?" त्या बसल्या. "नाही, चांगलंच आहे की. उलट चांगलं." उलट! तिने खुर्ची ओढली, मऊ कापड पसरलं, आणि हात पुढे केला. बाईंचा उजवा हात खिशातून सावकाश निघाला, अंधाराची सवय झालेल्या प्राण्यासारखा, आणि तिच्या हातात आला.

उबदार होता. थोटकाच्या टोकाला चकचकीत गुलाबी कातडी, शिवणीचे वण. तिने आत पाहिलं. सायीच्या दुधात विटकरीचा एक कण, सांध्यांवर लाल, मनगटाकडे निळ्याची एक बारीक शाखा, वयाचे डाग, मधाच्या रंगाचे. सगळं क्षणात कळलं. चार पिढ्या या कातडीकडे बघत काढल्यात आम्ही. मालकीण आज खुशीत आहे का रागात, हे ओठ हलायच्या आधी गालावर वाचणाऱ्या आज्या आमच्या. आणि यांना एक चावा वाचता येत नाही.

ती मिसळू लागली. पांढरा, पिवळा. काचेच्या पट्टीवर, चमच्याच्या टोकाने. बाई बोलत होत्या; हात दुसऱ्याच्या हातात असला की माणसं बोलतातच.

"दुखत नाही आता. पण मुलं विचारतात ना. बाई, तुमचं बोट कुठे गेलं? मी सांगते, सुट्टीवर गेलंय, मामाच्या गावाला." हसल्या. "एक म्हणतो, मग पत्र पाठवतं का?"

तिला हसू आलं. मास्कच्या आत, नकळत, खरंखुरं. तिने ते दातांखाली धरलं.

"भाषा किती स्वच्छ आहे हो तुमची! कुठे शिकलात?"

"इथेच."

"नाही, म्हणजे मुळात..."

"मुळातसुद्धा इथेच."

"हो, हो, अर्थातच." बाईंच्या गळ्यावर लाली चढली, तिने पाहिली आणि सवयीने काचेवरच्या लालाचा अंदाज घेतला. "मी तर म्हणते, हल्ली कुठे राहिलंय तसलं काही? आमच्या पिढीत होतं थोडंफार, नाही म्हणत नाही. पण आता आमच्याकडे बघा ना, सगळी मुलं एका सतरंजीवर. मुलांना तर रंग कळतच नाहीत. निळा-पिवळा कळतो, हे नाही कळत."

"हं."

"सकाळी आम्ही मैदानात गोल करतो, हातात हात धरून. हे झाल्यापासून माझा हा हात कुणी धरेना. घाबरतात हो, लहान आहेत. मी डावा हात देते, उजवीकडे जागा रिकामी राहते. पण एकच मुलगी आहे... तुमच्यातलीच आहे. ती आली आणि बिनधास्त धरला हात. नुसता हात नाही, हे एवढंसं उरलंय ना, तेच मुठीत धरते. मला म्हणते, बाई, हे बाळबोट आहे, वाढेल." बाई खिडकीकडे बघत होत्या. "मला रडूच आलं त्या दिवशी."

चमचा थांबला होता. तो पुन्हा फिरू लागला.

भिंगरीने घरी हे सांगितलं नव्हतं. भिंगरी घरी काहीच सांगत नाही, नुसती गिरक्या घेते. बाळबोट. तिला वाटलं, आत्ता मास्क काढावा. टोपी काढावी. म्हणावं, बाई, ती माझी. पण जीभ वेगळंच बोलली, आवाज कामातला, सपाट — "गोड असेल मुलगी."

"गोडच आहे हो. पण अवघड." बाईंनी उसासा टाकला. "हात उचलते. तीन नोंदी झाल्या. सोमवारी समिती आहे, आणि माझा नाइलाज आहे, नियम सगळ्यांना सारखा. एकाला एक, दुसऱ्याला एक, असं नाही करता येत. तिची आई आली होती भांडायला. म्हणे, आमच्या मुलीला चावलंय."

"चावलं नव्हतं?"

"कुठे? मी स्वतः पाहिलं ना. नीट पाहिलं, चष्मा लावून. अहो, दुसरीच्या गालावर एवढा लाल वण, आणि हिच्या दंडावर काही म्हणजे काही नाही. असतं तर लिहिलं नसतं का मी?"

आणि त्या क्षणी तिला कळलं की हे खरं आहे. बाई खोटं बोलत नव्हत्या. असतं तर त्यांनी लिहिलं असतं. त्यांनी नीट पाहिलं होतं, चष्मा लावून, सद्भावनेने, पट्टी बांधलेल्या हाताने अलगद दंड वळवून, आणि त्यांना काही दिसलं नव्हतं, कारण सत्तावन्न वर्षांत त्यांना तिथे काही पाहायची वेळच आली नव्हती. आठवडाभर तिने मनात एक दुष्ट बाई घडवली होती, साच्यातून काढून, कातडी चढवून, नखं लावून. आणि आता समोर ही बसली होती, जी रात्री शांत झोपत असणार. दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुष्टाला निदान आपण काय केलं ते माहीत असतं. हिला सूड कळणार कसा? हिच्या लेखी गुन्हाच घडला नव्हता.

हात धरायला माझी, आणि वहीत लिहायलाही माझीच.

राग कमी होईल असं तिला क्षणभर वाटलं होतं. झाला नाही. खाली बसला, गाळासारखा, घट्ट झाला. हिचं वाईट व्हावं, हिचं दुसरं बोट जावं, हिच्या नातीला कुणी चावावं, असलं जे जे या आठ दिवसांत मनात येऊन गेलं होतं ते सगळं पोरकट वाटलं. एकच हवं होतं. हिने उन्हात उभं राहावं. रोज सकाळी, गोलात, सगळ्यांचे हात जोडलेले असताना, आणि स्वतःच्या हाताकडे पाहावं, आणि दिसावं काहीतरी, नक्की काय ते कळू नये, आणि आत जाऊन ट्यूबलाइटखाली पाहावं तर काहीच नसावं. मैत्रिणीला दाखवावं. मैत्रिणीने म्हणावं, इथे तर काहीच दिसत नाही हो. पुन्हा उन्हात यावं. हिला शंका यावी. बस्स. आपल्या डोळ्यांची शंका — जी माझ्या घरात सकाळी दुधाच्या आधी येते.

तिचा हात बाटल्यांकडे गेला. दोन निळे, शेजारी शेजारी. तिने बघितलंही नाही. बोटांना जागा माहीत होती. एक थेंब. मिसळला. आणखी अर्धा. काचेवरचा रंग सायीतून वर आला, जिवंत झाला, त्यात रक्त वाहू लागलं. तिने पातळ चकती करून बाईंच्या करंगळीशेजारी ठेवली, ट्यूबलाइटखाली, आणि शिवण कुठे आहे ते तिलाही क्षणभर दिसेना.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. डोळ्यांत चक्क पाणी. "हे माझंच आहे की!"

"पिवळ्या दिव्यात बघू." बघितलं. तिथेही ठीक.

आता खिडकी. खिडकीशी चार पावलं होती, तिथे ऊन ओट्यावर पडलेलं, पांढरंशुभ्र. ती उठली. खरंच उठली, सवय म्हणून म्हणा, भीती म्हणून म्हणा. "बाई, एकदा खिडकीशी येता? उन्हात बघावं लागतं."

हे बोलताना तिला काय हवं होतं? यावं त्यांनी, आणि दिसावं, आणि सगळं इथेच मिटावं, असं हवं होतं का? पुढे कितीतरी वेळ ती हे चाचपत राहिली.

"कशाला हो?" बाई जागच्या हलल्या नाहीत, हात तसाच कापडावर, त्यावर चकती, लहान मुलाने खाऊ धरावा तशी. "दिसतंय ना मला छान. सही कुठे करू?"

"नियम आहे तसा."

"मी पाहिलंय ना! नीट पाहिलंय. माझ्यापेक्षा माझा हात कोण ओळखणार?"

तिने फॉर्म पुढे केला. 'रंग तिन्ही उजेडांत पाहिला, मान्य आहे.' बाईंनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. निघताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जादू आहे तुमच्या हातात. मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगी."

"असू दे, सुखी असू दे." आणि गेल्या. पायऱ्या उतरण्याचा आवाज, मग फाटक. फाटक त्यांनी फार जपून लावलं.

तिने रबर वजन करून घेतलं, रंग त्यात उतरवला, घोटू लागली. बुडबुडे राहता कामा नयेत. साचा उघडा, स्वच्छ, बोटाच्या आकाराची पोकळी घेऊन टेबलावर. एकदा ओतलं आणि भट्टीत गेलं की रंग कायमचा. आत्ता अजून काही झालेलं नव्हतं. आत्ता फेकून दिलं तर पुन्हा बोलावता येईल, बाई, जरा चूक झाली माझी... सोमवारी माफी, मंगळवारी पुन्हा माफी. ओतलं तर — आणि बाई एक दिवस उन्हात पाहून परत आल्या, पोस्टमनसारख्या? सही त्यांची आहे. वहीत जे आहे ते आहे. नोकरी जाईल? जाणार नाही. आणि गेली तर भिंगरीचं... पण हात घोटतच होता, एका लयीत.

आतलं दार उघडलं. मास्तर उंबऱ्यात, प्लास्टरने पांढरे, एका हातात कुणाचातरी घोटा.

"गेल्या का बाई? काय म्हणाल्या?"

"रडल्या."

"मग जमलं! रडलं गिऱ्हाईक की समजायचं जमलं." ते जांभई देत फॉर्मपाशी आले, खिशातून पेन काढलं. "तीन उजेड?"

ऊन ओट्यावर होतं. चकती टेबलावर होती. चार पावलं. मास्तरांनी नुसती मान वळवली असती, चकती उचलून दोन पावलं टाकली असती... त्यांची नजर पोस्टमनच्या कानाच्या वेळी कशी झाली होती ते तिला आठवलं.

"झाले," ती म्हणाली.

"बरं." त्यांनी सहीचं अक्षर ओढलं. चकतीकडे पाहिलंही नाही. "तू म्हणालीस म्हणजे झालंच. चहा टाकू का गं?"

"टाका."

दार लोटलं गेलं. ती वाट पाहत राहिली. आता येईल, म्हणून. भीती, नाहीतर आनंद, निदान सुडाला चव असते म्हणतात ती. कपात रबर फिरत होतं, साय धरल्यासारखं, जड. काही आलं नाही. आली ती एक वेगळीच गोष्ट, इतकी हलकी की आधी तिला ती ओळखताच आली नाही. खांदे खाली आले होते. जबडा सैल होता. कुणी पुरावा मागितला नव्हता. दंड दाखव म्हटलं नव्हतं, फोटो दाखव, उजेडात ये, पुन्हा सांग, नक्की ना, आईच्या डोळ्यांना जास्त दिसतं... एक शब्द बोलली ती, आणि तो शब्द गेला आणि खरा होऊन बसला. असं असतं होय हे! पायाखाली जमीन आहे हे बघावं लागत नाही, नुसतं चालायचं. बाहुली यात जन्मली. बाई यात सत्तावन्न वर्षं राहिल्या, आणि म्हणूनच त्यांना ते कधी दिसलं नाही. श्वास दिसतो का कुणाला. इतकी साधी गोष्ट. इतकी मऊ. मी विचार करायचे, यांच्याकडे असं आहे तरी काय, घर, पैसा, देखणेपण? आणि ते हे होतं. झाले, म्हटलं की, बरं.

आतून स्टोव्हचा आवाज येऊ लागला. कप तिच्या हातात होता आणि साचा उघडा होता, आणि ती अजून तशीच उभी होती, लाजेची वाट बघत, आणि लाज येत नव्हती. येत होती ती नुसती तहान — या गोष्टीची, आणखी, उद्याही, रोज — आणि तिला पहिल्यांदा बाईंची नाही, स्वतःची भीती वाटली.